कानामागे एकदा हात लावून बघा

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबारचे जिल्हा शल्यचिकित्सक,
आणि खान्देशातल्या तालुक्या-तालुक्यांत ओपीडी काढणारे सगळे डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं माझं मेडिकल आहे. तुमच्यापैकी अनेकांचं अक्षर फक्त मला लागतं, असं गावातले लोक म्हणतात. म्हणजे तुमचा-माझा परिचय जुना आहे, फक्त चिठ्ठीच्या दोन बाजूंना. आज पहिल्यांदा उलट्या दिशेनं चिठ्ठी लिहितोय.

मे महिन्यात आपल्याकडे उलटी म्हटली की ऊन लागलं. पारा ४५ च्या आसपास, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि माझ्या काउंटरवर दिवसाला पन्नास-साठ ओआरएसची पाकिटं जातात. अशाच एका मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आमच्याकडे आली होती. वय आठ. शनिवारी सकाळी उठल्या उठल्या उलटी केली. मीच दुकानातून ओंडॅन्सेट्रॉनचं सिरप नेलं, चमच्यानं पाजलं. दुपारी बरी वाटली. रविवारी पुन्हा सकाळीच उलटी, जोडीला डोकं दुखतं म्हणाली. आजीनं कैरीचं पन्हं केलं, तळपायाला कांदा चोळला. सोमवारी ओळखीच्या दवाखान्यात एक सलाईन आणि पित्ताचं इंजेक्शन. संध्याकाळी ती नुसती झोपून होती. ‘पोरीला जरा आराम पडला’ असं आम्ही एकमेकांना सांगितलं. जेवायला उठवलं तेव्हा डोळे उघडून पुन्हा मिटले.

मंगळवारी ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे बॉण्डवर आलेली एक तरुण डॉक्टर होती, पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. पोट तपासलं, जीभ बघितली, आणि मग मानेखाली हात घालून डोकं उचलताना तिचा हात थबकला. उजव्या कानामागे, केसांत, कातडीखाली एक टणक फुगवटा. तिथून मानेवरून खाली गेलेली नळी. ‘हे काय आहे?’

‘शंट आहे मॅडम. मेंदूची गाठ काढली ना मागच्या वर्षी.’

‘मग हे आधी कोणाला सांगितलं नाही?’

बहीण म्हणाली, ‘कोणी विचारलंच नाही. ऑपरेशन डोक्याचं, उलटी पोटाची.’

मला तर सगळं ठाऊक होतं. मुंबईच्या त्या ऑपरेशन थिएटरबाहेर मी स्वतः सात तास बसलो होतो. तरी तीन दिवस मी उलटीचंच औषध देत राहिलो. म्हणून या पत्रात कुणा डॉक्टरकडे बोट दाखवायचा मला अधिकार नाही. चूक माझ्या काउंटरवरून सुरू झाली.

१०८ आली, जळगावला गेलो, सीटी झाला, रात्री अकराला शंट बदलला. नळीचं मेंदूतलं टोक तुंबलं होतं. सकाळी पोरगी शेवभाजी मागत होती.

शंट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पण पत्र खुलं आहे, गावातले लोकही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. मेंदूत रोज पाणी तयार होतं आणि वाहून जातं. मुलांच्या मेंदूतल्या साधारण निम्म्या गाठी मागच्या बाजूला, लहान मेंदूच्या भागात होतात, आणि नेमकी तिथूनच या पाण्याची वाट जाते. गाठ काढली तरी काही मुलांची वाट मोकळी होत नाही. मग कानामागे झडप बसवून, कातडीखालून नळी नेऊन ते पाणी पोटात सोडतात. भारतात बऱ्याच मुलांना शहाजहानपूरला बनणारा छाब्रा शंट बसतो. तो स्वस्त आहे, म्हणून तर गरिबाची पोरं जगतात. पण शंट कुठल्याही देशाचा असो, मुलांमध्ये दहातले तीन-चार पहिल्या वर्षातच बिघडतात. तुंबतो, सरकतो, तुटतो, नाहीतर त्याला जंतुसंसर्ग होतो. आणि तो कधी बिघडेल याची तारीख डिस्चार्ज कार्डावर नसते. बिघडतो तेव्हा मूल मुंबईत नसतं. ते यावलला असतं, शिरपूरला असतं, धडगावच्या एखाद्या पाड्यावर असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ऑपरेशन मुंबई-पुण्याला होतं, पण त्यानंतरचं सगळं आपल्या दारात होतं. त्यासाठी तालुक्याला न्यूरोसर्जन आणा असं मी म्हणत नाही. उलटी, ताप, सुस्ती, झटका घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत एक प्रश्न विचारा: ‘डोक्याचं काही ऑपरेशन झालंय का?’ आणि विचारता विचारता कानामागे एकदा हात लावून बघा. सकाळची उलटी, डोकेदुखी, दिवसभर गुंगी, चिडचिड, तिरळेपणा, वर बघता न येणं, ही लक्षणं शंटवाल्या मुलात दिसली तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत शंटच बिघडला असं धरायचं. हे मला जळगावच्या सर्जननी सांगितलं. झडप बोटानं दाबून ‘चालतोय’ असं ठरवू नका, हेही त्यांचंच. आणि ज्यांना नळीऐवजी दुर्बिणीनं मेंदूतच दुसरी वाट करून दिलेली असते, त्यांच्या कानामागे काहीच लागत नाही, पण ती वाटही एखाद्या दिवशी बंद होऊ शकते. म्हणून हात लावण्याआधी प्रश्न.

सीटीबद्दल एक गोष्ट कुणी आम्हाला आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. एकटा सीटी बघून पुष्कळदा कळत नाही. शंट नीट चालू असतानाच्या जुन्या सीटीशी ताडून बघावा लागतो. आमची जुनी फिल्म धुळ्याला बहिणीच्या घरी, कपाटावर, पापडाच्या डब्याखाली होती. मेहुण्यांनी शेजाऱ्याच्या पोराला घरात पाठवलं, त्यानं ती खिडकीच्या उजेडात धरून फोटो काढून पाठवला, त्यावर काम भागलं. आता तो फोटो घरातल्या पाच जणांच्या मोबाइलमध्ये आहे.

जरा मागे जातो, कारण शंटच्या आधी जे झालं त्यानं आम्हाला जास्त घाबरवलं होतं. ऑपरेशननंतर पोरगी शुद्धीवर आली, आईला हाक मारली, पाणी मागितलं. आम्ही गावाकडे फोन करून पेढे वाटायला सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारपासून ती बोलेना. रडायची, कण्हायची, पण शब्द नाही. मान धरता येईना, हात धरला तर सैल. नजर आमच्यावरून निसटायची. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्ही राहत होतो. तिथे रात्री बहीण मला म्हणाली, ‘दादा, त्यांनी काहीतरी जास्तीचं कापलं.’ गावाकडून निरोप यायला लागले: बाहेरचं असेल, अमक्या भगताकडे दाखवा, तमक्या देवीला बोला.

मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे लहान मेंदूतली कर्करोगाची गाठ, तिच्या ऑपरेशननंतर साधारण चारातल्या एका मुलाची अशी वाचा जाते. गाठ लहान मेंदूच्या मधोमध असेल तर धोका जास्त. लहान मेंदूतून मोठ्या मेंदूकडे जाणाऱ्या तारा दुखावतात, बोलण्याचं आणि तोलाचं गणित चुकतं. एक-दोन दिवस मूल बोलतं आणि मग गप्प होतं, हेच त्याचं ठरलेलं रूप आहे. आठवड्यांनी, कधी महिन्यांनी वाचा येते. पहिल्यासारखी स्वच्छ येतेच असं नाही. ऑपरेशनच्या आधी सहीच्या कागदावर हे असेलही, इंग्रजीत. पण कुणी खुर्ची ओढून बसून आईला सांगायला हवं होतं की असं होऊ शकतं, झालं तर घाबरू नका, कुणाची चूक नाही. त्या दोन मिनिटांनी आमच्या घरातले दीड महिन्याचे संशय वाचले असते.

तिला गिळताही येत नव्हतं. आधी नाकातून नळी, मग हळूहळू तोंडानं. पातळ पाणी श्वासनलिकेत जायचं, ठसका लागायचा. घट्ट पदार्थ बरा जायचा. गिळण्याची तपासणी करणाऱ्या ताईंनी परवानगी दिल्यावर बहिणीनं आमच्याकडची केळी कुस्करून भरवायला घेतली. सातव्या आठवड्यात, एका वाटीतला नववा की दहावा चमचा असेल, पोरीनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, ‘नको.’ लांबलेला, सपाट, एखाद्या जुन्या टेपसारखा आवाज. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात मोठी बातमी होती. आमच्या घरात केळीची खरी बातमी हीच.

आता दुसरं मूल. हे माझ्या नात्यातलं नाही, गिऱ्हाइकाचं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी केळीच्या बागेत मजुरी करणारा बाप, मुलगा अकरा वर्षांचा. क्रॅनिओफॅरिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या तळाशी संप्रेरकं सोडणारी जी पिट्युटरी ग्रंथी असते तिच्या शेजारची गाठ. ती काढताना ग्रंथी आणि तिचा देठ वाचला नाही. बाप पहिल्यांदा दुकानात आला तो बाटली दाखवायला. ‘भाऊ, पोरगा रातभर पानी मांगस. शुगर व्हई गयी का त्याले?’

कार्डावर ‘डायबिटीस इन्सिपिडस’ लिहिलेलं. पहिला शब्द सगळ्यांनी वाचला, दुसरा कुणी नाही. गावात एकानं त्याची साखर तपासली, ती नॉर्मल आली. दुसऱ्यानं सांगितलं पाणी कमी द्या, लघवी कमी होईल. हा सल्ला जीवघेणा आहे. या आजारात साखरेचा काही संबंध नाही. पाणी धरून ठेवणारं संप्रेरक संपलेलं असतं, म्हणून लघवी पाण्यासारखी धो धो जाते. प्यायला दिलं नाही तर रक्तातलं सोडियम चढतं. लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात २००९ साली बावीस वर्षांचा एक तरुण याच आजारात पाण्यावाचून गेला. तहान सहन होईना म्हणून त्यानं वॉर्डातून पोलिसांना फोन लावला होता. नावाचा हा घोळ इतका झाला की २०२२ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी आजाराचं नावच बदललं: आर्जिनिन व्हॅसोप्रेसिनची कमतरता. आपल्याकडच्या कार्डांवर अजून जुनंच नाव असतं.

उलटा धोकाही तेवढाच. डेस्मोप्रेसिन, म्हणजे त्या संप्रेरकाच्या जागी देतात ते औषध, जास्त झालं आणि मूल पाणी पितच राहिलं तर सोडियम खाली येतं आणि झटके येतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत तर चक्र फिरतं: आधी लघवी धो धो, मग काही दिवस अचानक कमी, मग पुन्हा धो धो आणि ती बहुधा कायमची. मधल्या दिवसांत ठरल्याप्रमाणे डोस देत राहिलं की घात. अशा मुलाला झटका आला तर झटक्याचं औषध द्याच, पण सोडियमही बघा.

आणि माझ्या धंद्यातली अडचण सांगतो. डेस्मोप्रेसिनचा नाकात मारायचा जो स्प्रे माझ्याकडे येतो तो फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. त्या बापाच्या घरी फ्रिज नाही, आणि मे महिन्यात वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. शेवटी त्याच्या डॉक्टरांना फोन करून गोळीवर आणलं. गोळी साध्या तापमानात राहते. हा बदल सुचायला कुठली पदवी लागत नव्हती. ‘घरी फ्रिज आहे का’ एवढं विचारायला हवं होतं.

या मुलाचा खरा प्रसंग पुढे आला. पावसाळ्यात त्याला ताप आणि जुलाब झाले. दोन दिवसांनी बाप आला तो गोळ्यांची पाकिटं घेऊन, परत करायला. ‘काहीच खादं नही भाऊ त्यानी, मंग रिकामा पोटे गोयी कशी देवानी?’ ती गोळी हायड्रोकॉर्टिसोनची होती. पिट्युटरी गेल्यामुळे ज्या मुलाचं शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे आजारपणात तग धरायला लागणारं संप्रेरक, बनवत नाही, त्याला आजारपणात ती दुप्पट-तिप्पट लागते. उलटीमुळे पोटात ठरत नसेल तर इंजेक्शन लागतं. बापानं, अगदी समंजसपणे, नेमकी त्याच दिवशी बंद केली होती. मुलगा रिक्षात होता. हातपाय गार, हाक मारली तर पुटपुटत होता.

डॉक्टर मंडळी, हे वाक्य कृपया दोनदा वाचा: जे इंजेक्शन त्याला हवं होतं ते तुमच्या प्रत्येकाच्या दवाखान्यात आहे. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम, एफकॉर्लिन म्हणून मीच तुम्हाला पुरवतो, दम्याला आणि रिॲक्शनला तुम्ही रोज वापरता. त्या मुलाच्या संप्रेरकतज्ज्ञांनी त्याला एक कार्ड दिलं होतं, लॅमिनेशन केलेलं. बापाच्या खिशात ते होतं, पण त्याला वाचता येत नव्हतं. त्यावर होतं: संकटात लगेच स्नायूत किंवा शिरेत, तीन वर्षांखाली २५, शाळकरी वयात ५०, मोठ्या मुलांना १०० मिलिग्रॅम; सलाईन; रक्तातली साखर बघा; मग मोठ्या रुग्णालयात पाठवा. समोरच्या डॉक्टरांनी कार्ड वाचलं, एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि इंजेक्शन भरलं. दोन तासांत पोरगा उठून बसला, पाणी मागायला लागला. पाणी मागतोय याचा एरवी वैताग करणारा बाप त्या दिवशी रडला.

तसंच डेक्सामेथासोनचं. मेंदूची सूज उतरावी म्हणून ऑपरेशननंतर ते देतात आणि हळूहळू कमी करतात. पत्ता संपला म्हणून लोक एकदम थांबवतात, किंवा भूक वाढते, पोर बाळसं धरतं म्हणून परस्पर चालू ठेवतात. दोन्ही बाबतींत गिऱ्हाइकाला टोकणं हे माझ्या धंद्यातल्या भावांचंही काम आहे. चिठ्ठीशिवाय डेक्सा देणाऱ्यांनी हे पत्र वाचलं नसेल तर त्यांना वाचून दाखवा.

जखमेचं थोडक्यात. मानेच्या टाक्यांतून पाण्यासारखं स्वच्छ काही झिरपत असेल, उशी ओली होत असेल, किंवा नाकातून एका बाजूनं पाणी गळत असेल, तर ते मेंदूचं पाणी असू शकतं. कंपाउंडरनं रोज पट्टी बदलून पाठवू नये. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग, व्हायला वेळ लागत नाही. ज्याचा चेहरा एका बाजूनं लुळा आहे, त्याचा डोळा रात्री उघडा राहतो. थेंब आणि रात्री मलम, पट्टी, एवढं सांगा. आपल्या धुळीत बुबुळाला जखम व्हायला एक आठवडा पुरतो.

शाळेबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र लागेल. भाचीला गाठीनंतर सहा आठवडे रेडिएशन झालं. ती आता चौथीत आहे. हुशारी गेलेली नाही, वेग गेलाय. पाढा येतो, पण दुसरी मुलं म्हणून बसतात तेव्हा ही सुरू करते. एका गुरुजींनी पालकसभेत ‘आधी चुणचुणीत होती, आता ढ झाली’ असं तिच्या देखत म्हटलं. अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार आहे, पण त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र तुमच्याच कार्यालयातून निघतं, साहेब. तिची उंची, थायरॉइड, वाढीचं संप्रेरक हे वर्षानुवर्षं तपासावं लागणार. आणि त्या अकरा वर्षांच्या पोराचं वजन ऑपरेशननंतर झपाट्यानं वाढलं, तर बापाला सगळे म्हणतात ‘लाडानं खाऊ घालतो’. भुकेचं केंद्र त्या गाठीच्या शेजारीच असतं, हे कुणी त्यांना सांगत नाही.

आता मागणं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. त्या पथकांनी डोक्याचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव तालुक्याला कळवावं. हजारो नसतील, एका तालुक्यात हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्या प्रत्येकाच्या गळ्यात किंवा दप्तरात एक कार्ड असावं, मराठीत, मोठ्या अक्षरात: कोणतं ऑपरेशन, शंट आहे का आणि कोणत्या बाजूला, कोणती गोळी कधीच थांबवायची नाही, संकटात काय टोचायचं, कोणाला फोन करायचा. मागच्या बाजूला तेच डॉक्टरांसाठी इंग्रजीत. १०८ वाल्यांना ते कार्ड ओळखता यावं. आणि धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांतल्या एका विभागानं असा एक फोन उचलायची जबाबदारी घ्यावी, रात्रीसुद्धा. ऑपरेशनचा खर्च या दोन्ही घरांचा जन आरोग्य योजनेतून झाला, त्याबद्दल सरकारचे आभारच. पण डेस्मोप्रेसिन महिन्याला लागतं, आयुष्यभर लागतं, आणि तो मजूर ते माझ्याकडून उधारीवर नेतो. ते तालुक्याच्या रुग्णालयातून मोफत मिळालं तर माझं एक गिऱ्हाईक कमी होईल, होऊ द्या.

कार्डाचा कच्चा मसुदा मी तयार केलाय. चुका असतील, मी डॉक्टर नाही. लाल पेनानं खोडा, दुरुस्त करा. छपाईचा खर्च माझ्याकडे.

घाई एवढ्यासाठी करतोय की भाचीच्या कानामागे जिचा हात थबकला त्या डॉक्टरांचा बॉण्ड मार्चमध्ये संपला आणि त्या पुढच्या शिक्षणाला गेल्या. त्यांच्या जागी नवे डॉक्टर आलेत, अजून माझी त्यांची ओळख नाही. भाची मे महिन्यात सुट्टीला यायची आहे.

आपला,
तुमच्या चिठ्ठ्या वाचणारा एक मेडिकलवाला